बंद ठेवलेली बचत

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका नव्या सर्व्हर-खोलीचे हस्तांतराचे कागद परवा नजरेखालून गेले. त्यात एक ओळ होती: सर्व यंत्रांवरच्या वीजबचतीच्या सोयी बंद ठेवाव्यात. कारण दिलेलं नाही. पूर्वी आम्हालाही हेच सांगायचे, तेव्हा निदान खोटं का होईना, कारण तरी द्यायचे.

या सोयी जुन्याच. 1996 मध्ये एसीपीआय आलं, म्हणजे यंत्राच्या वीजवापरावर ऑपरेटिंग सिस्टिमनं ताबा ठेवायची रीत. 1998 मध्ये आयपीएमआय आलं, म्हणजे यंत्राला हात न लावता ते चालू-बंद करायची. पुढची काही वर्षं मानकांच्या कागदांत गेली, ती सोडून देतो.

खरी गंमत 2004 नंतरची. त्या वर्षी आयपीएमआयची दुसरी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात ‘ऑनडिमांड’ शिरलं. काम नसेल तर प्रोसेसर आपोआप संथ होणार, काम आलं की उठणार. आणि आयपीएमआय सांभाळायला सर्व्हरच्या बोर्डावर बीएमसी नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो. मध्यरात्री फोन आला की पँट चढवून व्हाइटफील्ड गाठायचे दिवस त्यानं संपवले. महापे-ऐरोलीतली आमची मंडळी बेंगळुरूची यंत्रं घरबसल्या उठवू लागली. मे 2008 मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, तोवर नुसत्या रीबूटसाठी विमानानं कोणी यायची गरजच उरली नव्हती. कन्सोल उघडायला नेमकं जावाचं जुनं व्हर्जन लागायचं, त्यात अर्धी रात्र जायची, ते वेगळं.

त्याच काळात महाराष्ट्रात भारनियमन चालू होतं. गावाकडे दळण कधी टाकायचं, हे वीज मंडळाच्या वेळापत्रकावर ठरायचं. आणि इथे रांगाच्या रांगा सर्व्हर रात्रभर रिकामे घुमत असायचे. 2007 मध्ये गूगलच्या बारोसो आणि हॉल्झले यांनी लिहून ठेवलं, की सर्व्हर बहुतेक वेळ क्षमतेच्या 10 ते 50 टक्क्यांतच चालतात आणि चांगला सर्व्हरसुद्धा रिकामा बसून कमाल विजेच्या जवळजवळ निम्मी वीज खातो. मार्च 2009 मध्ये झिऑन 5500 हा प्रोसेसर आला. रिकाम्या कोअरची वीज तो जवळपास तोडूनच टाकायचा. आम्ही खूश झालो.

आणि वरून हुकूम आला: बायोसमध्ये ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ लावा. कारण काय, तर झोपलेला कोअर उठायला वेळ लागतो. लागतो की! मायक्रोसेकंदांत मोजण्याइतका. शेअर बाजाराच्या सौद्यांना तो जाणवतो, हे मान्य. पण आमच्या यंत्रांवर पगारपत्रकं आणि रजेचे अर्ज होते. खरं कारण कुणीच बोलायचं नाही. विजेचं बिल इमारतीच्या खात्यावर पडायचं आणि यंत्र संथ झाल्याची तक्रार आमच्या टेबलावर. युनिटं वाचवल्याबद्दल कुणाची बढती झालेली मी तरी पाहिली नाही.

दूरनियंत्रणानं एक गोष्ट मात्र नेली. पंख्याचा सूर बदलला की कुठल्या रॅकमध्ये काय बिघडलंय हे सांगणारी माणसं गेली. खोलीत पाऊल न टाकताच यंत्रं चालू लागली, तशी कुठलं यंत्र कशासाठी चालू आहे हेही कुणाच्या लक्षात राहीना. बीएमसीच्या पडद्यावर प्रत्येक यंत्राचे वॉट दिसायचे. पाहायचं कोणी? तो पडदा उघडायचा फक्त रीबूटसाठी.

2013 मध्ये सुरक्षा-संशोधक डॅन फार्मरनं आयपीएमआयची लक्तरं वेशीवर टांगली. काही यंत्रांत ‘सायफर झीरो’ वापरून पासवर्डशिवाय आत शिरता यायचं. मग ही दारं वेगळ्या, बंद नेटवर्कवर गेली. 2015 मध्ये आयपीएमआयच्या जागी रेडफिश आलं, जास्त नेटकं आणि सुरक्षित. त्यापुढची वर्षं क्लाउडच्या गजरात गेली. त्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे.

आता एआय. आमच्या वेळी रॅकला पाच-सात किलोवॉट म्हणजे भरपूर. एनव्हिडियाच्या जीबी200 एनव्हीएल72 ची एक रॅक सुमारे 120 किलोवॉट घेते आणि ती थंड करायला नुसते पंखे पुरत नाहीत, द्रव फिरवावा लागतो. हे कुठे, तर बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडून तळी भरावी लागणाऱ्या देवनहळ्ळी तालुक्यात. इथल्याच शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून जास्त आंदोलन केलं, तेव्हा कुठे जुलै 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं 1,777 एकरांचं भूसंपादन मागे घेतलं. या भागात जमीन, पाणी, वीज कुणालाच फुकट मिळत नाही.

एआयची रॅक संथ करा असं मी म्हणत नाही. पण तिच्या शेजारी अजूनही पगारपत्रकं छापणारे सर्व्हर असतात, आणि तीच एक ओळ वाचून त्यांचीही बचत बंद केली जाते. ज्यांच्या हातात या खोल्या आहेत त्यांना विनंती: तातडीचं काम नसलेल्या यंत्रांवर महिनाभर बचत चालू ठेवा, बीएमसीतून आधीचे आणि नंतरचे वॉट काढा, आणि विजेचं बिल संगणक विभागाच्या खर्चात दाखवायला लागा.