इतिहास येतो, म्हणजे इतिहास शिकवता येतो का?

विषय चांगला येत असेल तर तो शिकवताही येतो, असं आपण सहज धरून चालतो. मी मूळची भौतिकशास्त्राची, पण पीएच.डी. करतेय ती शिक्षक कसे घडतात यावर. त्यामुळे बी.एड.ला सामाजिक शास्त्रं घेतलेला विद्यार्थी नेमकं काय शिकतो, किंवा काय शिकायला हवं, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

सुरुवात एका प्रयोगापासून करू. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९९१ साली तो प्रसिद्ध केला. आठ इतिहासकार आणि हायस्कूलचे आठ विद्यार्थी. १७७५ साली लेक्सिंग्टनला झालेल्या चकमकीबद्दलचे वेगवेगळे उतारे त्यांना दिले आणि सांगितलं, वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोला.

काही इतिहासकारांचा अमेरिकन इतिहास हा विषयच नव्हता. नुसत्या माहितीत काही विद्यार्थी त्यांच्यातल्या काहींच्या पुढे होते. पण उतारा हातात आला की इतिहासकार आधी बघायचे, हे लिहिलंय कोणी, कधी, कोणासाठी. विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटायचे. पाठ्यपुस्तकातला उतारा त्यांना भरवशाचा वाटला. इतिहासकारांनी त्याला फारच खालचा नंबर दिला.

म्हणजे फरक माहितीत कमी आणि वाचण्याच्या सवयीत जास्त होता. आता ही सवय वर्गात आणायची कशी?

पंधरा वर्षांची उमेदवारी

अडचण अशी की बी.एड.ला येणारा छात्राध्यापक कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याने आधी पंधरा वर्षं बाकावर बसून शिक्षक बघितलेले असतात. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली याला ‘निरीक्षणातून झालेली उमेदवारी’ म्हटलं. बाकावरून दिसतं ते एवढंच: धड्याचं वाचन, फळ्यावर सनावळ्या, मग प्रश्नोत्तरं. शिक्षकाने हाच प्रश्न का विचारला, हे तिथून दिसत नाही. म्हणून पाठ टाचण कितीही सुबक असलं, तरी वर्गात उभं राहिल्यावर जुनीच पद्धत बाहेर येते.

१९८६ साली ली शुलमन यांनी मांडलं की शिक्षकाचं स्वतःचं असं एक ज्ञान असतं: हा आशय या मुलांना कुठे अडेल, आणि तिथे काय करायचं. आपल्याकडची ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ याच्या जवळची.

सुप्याचं उदाहरण घेऊ

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हेच दख्खनचे दंगे. सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. निष्कर्ष काय, तर दोष सावकारांचा, सरकारी साऱ्याचा नाही.

नेहमीच्या तासाला याची ‘कारणे लिहा’ होतात. त्याऐवजी हा निष्कर्षच वर्गापुढे ठेवला तर? निम्मी मुलं म्हणतील, “सरकारी अहवाल आहे, म्हणजे खरंच असणार.” उरलेली म्हणतील, “इंग्रजांचा आहे ना, मग खोटाच.” दोन्ही उत्तरं वाचणं थांबवणारी आहेत. तयार शिक्षकाला ती आधीच ठाऊक असतात आणि पुढचा प्रश्न हाताशी असतो: “सरकार स्वतःची चौकशी करतंय. मग या अहवालातलं आपल्याला काय वापरता येईल?” कारण त्याच अहवालात शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या जबान्या आहेत, सारा, भाव आणि व्याजदरांचे आकडेही आहेत.

याला वेळ कुठून आणायचा?

हा खरा प्रश्न आहे. एनसीटीईच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात शाळेतल्या कामासाठी २० आठवडे ठेवले. पण तिथेही तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, आणि पोर्शन संपवायचा असतोच. प्रत्येक धडा असा शिकवता येणार नाही. सत्रात दोन-तीन धडे मात्र येतील. आणि सराव पाठ झाल्यावर मार्गदर्शकांनी फलकलेखनासोबत एवढं जरी विचारलं, की मुलं कुठे अडली आणि मग तू काय विचारलंस, तर छात्राध्यापकाचं लक्ष स्वतःवरून मुलांकडे वळतं.

हे सगळं इतिहासाच्या मार्कांपुरतं नाही. कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी, हे विचारायची सवय शाळेत लागली नाही, तर फोनवर आलेला प्रत्येक फॉरवर्ड मूल पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटेल.

घरात शाळेत जाणारं कोणी असेल तर आज इतिहासाच्या पुस्तकातला एक परिच्छेद काढा आणि हे तीन प्रश्न विचारून बघा. उत्तर येणार नाही कदाचित. पण मूल कुठे अडलं ते तुम्हाला कळेल, आणि शिकवणं तिथूनच सुरू होतं.