गाणारा तोच वाजवणारा!

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या निमगाव केतकीला मुक्कामास उतरते. रात्री दिंड्यांतून हिंडताना वीणेकऱ्यापाशी माझे पाय हमखास थबकतात. गळ्यात वीणा, मुखी अभंग. गाणारा तोच वाजवणारा! अशा वेळी शाहीर साबळे आठवतात.

कृष्णराव साबळे वाईजवळच्या पसरणीचे. जन्म ३ सप्टेंबर १९२३. बालपणीच बासरीचा नाद लागला. अमळनेरला शिकताना साने गुरुजी भेटले आणि त्या नादाला ध्येय मिळाले. अस्पृश्य मानलेल्या भावंडांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये गुरुजी पंढरपुरी उपोषणास बसले. आमची पालखी जाते त्याच पंढरपुरी! अशा गुरूचा शाहीर नुसती करमणूक कशी करील?

लिहायचे, चाल लावायची, गायचे, वर सोंगही घ्यायचे! १९६० चे 'यमराज्यात एक रात्र' हे मुक्तनाट्य त्यांचेच. 'महाराष्ट्राची लोकधारा'तून त्यांनी गावोगावची लोकगाणी रंगमंचावर आणली. १९९८ साली पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी शाहीर गेले.

२०२३ मध्ये त्यांनी गायिलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झाले. गावातल्या पोरांना विचारावे, "गाणे कुणाचे रे?" "शाहीर साबळ्यांचे!" मी सांगतो, बाबांनो, शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. "मग शाहिरांनी स्वतः लिहिलेले एखादे म्हणा पाहू!" पोरे गप्प होतात.

वाचकहो, रुखरुख आहे ती एवढीच. दुसऱ्याचे शब्द ज्याने घरोघर पोचवले, त्याचे स्वतःचे शब्द कोण जपणार?