गुरुवारचा जनरेटर

पहाटे ५.४५, भोसरी.
गुरुवार म्हणजे पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्याची सुट्टी. विजेचा भार वेगवेगळ्या वारांना वाटून देण्याच्या जुन्या व्यवस्थेतून हा वार आमच्या वाट्याला आला. महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. ज्याला शुक्रवारी सकाळी माल पोचवायचाच असतो, त्याचा फोन बुधवारी संध्याकाळी येतो, “दादा, उद्या जनरेटर लावून द्या.”

ट्रॉलीवरचा ३० केव्हीएचा डिझेल सेट आहे. ऑइल, कूलंट, बॅटरीची टर्मिनलं मी आणि बरोबरच्या पोरग्याने बघून घेतली. केबल रात्री पावसात भिजली होती, म्हणून आधी तिला मेगर मारला. बाहेरून धडधाकट दिसणारी केबल आतून फुटलेली असते, आणि ते मेगरच सांगतो.

३० केव्हीए म्हणजे फेजला साधारण ४० अँपिअर. काल फोन केलेल्या शेठनी लोड सांगितलाय तो असा: एक सीएनसी, पाच एचपीचा कॉम्प्रेसर, हँडग्राइंडर, दिवे. कॉम्प्रेसर चालताना सातेक अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट ओढतो. म्हणून ठरलेलं असतं की तो पहिला आणि एकटा सुरू करायचा. सीएनसी सगळ्यात शेवटी.

७.१५, मोशी.
इंद्रायणीचा पूल ओलांडला. एरवी या रस्त्यावर कंटेनरच्या मागे तास जातो, आज कुरुळी-आळंदी फाटा पटकन मागे पडला. तळेगाव चौकातून डावीकडे, खराबवाडीकडे.

८.१०, शेड.
पाऊस सुरूच होता. शेठ म्हणाले, “शटरच्या आत घ्या ना दादा, भिजेल.”

हे वाक्य मी प्रत्येक पावसाळ्यात ऐकतो आणि प्रत्येक वेळी कामाला हात न लावता आधी त्यावरच बोलतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं. माणसाला वाटतं ॲसिडिटी झाली, जरा बसावं. तो बसतो आणि उठत नाही. शटर अर्धं उघडं ठेवून, पंखा लावून हे टळत नाही.

सेट बाहेरच आणि दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब. किती लांब हे सगळे विचारतात, कोणत्या बाजूला हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. शेडच्या पश्चिमेला सेट ठेवला तर वीस फुटांवरूनही धूर थेट खिडकीत शिरतो. म्हणून पूर्वेची मोकळी जागा घेतली आणि सायलेन्सरचं तोंडही पूर्वेकडेच केलं. ट्रॉली पाणी साचणार नाही अशा उंच कोब्यावर घेतली आणि चाकांना दगड लावले. या सेटला कॅनोपी आहे, पाऊस चालतो. उघडा सेट असता तर वर पत्रा घातला असता, पण बाजू मोकळ्या ठेवून.

८.५०.
ट्रॉली रबरी टायरवर उभी असते, जमिनीशी तिचा संबंध नसतो. बॉडीत करंट उतरला तर त्याला वाट हवी, नाहीतर हात लावणारा माणूसच वाट होतो. बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंगच्या पट्ट्या आणि न्यूट्रलला वेगळ्या. हातभर मुरमाखाली काळा दगड लागला, सळई ठोकून खाली जाईना. मग शेडच्या जुन्या अर्थिंगचे खड्डे वापरायचे ठरवून त्यांवर टेस्टर लावला. रीडिंग छान आलं, पण मी शेठना म्हटलं, आत्ता माती चिंब आहे म्हणून हे छान आहे. हेच खड्डे मे महिन्यात पुन्हा तपासा.

९.३०, चेंजओव्हर.
रस्त्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर महावितरणचे दोघं आले होते. एकजण शिडी लावत होता. मी आधी त्याच्याकडे गेलो.

“दादा, त्या निळ्या शेडला आज जनरेटर आहे.”

“चेंजओव्हर आहे का?”

“फोर पोल. येऊन बघा.”

तो आला. मी मेन बंद करून एचआरसी फ्यूज काढून टूलबॅगेत टाकले होते. त्याने स्वतः चेंजओव्हरचा दांडा फिरवून पाहिला. दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, महावितरणची लाइन आणि जनरेटर कधीच एकत्र येत नाहीत. चौथा पोल न्यूट्रलचा. तो तोडला नाही तर तिन्ही फेज वेगळे होऊनही न्यूट्रल बाहेरच्या लाइनला जोडलेलाच राहतो. दांडा जनरेटरच्या बाजूला नेला, कुलूप घातलं आणि किल्ली वायरमनच्या परवान्याबरोबर खिशात ठेवली. तो परत गेला आणि वर चढण्याआधी त्याने लाइनला डिस्चार्ज रॉड लावला. आम्ही दोघांनी आपापलं काम केलं. एकाचं चुकलं तर दुसऱ्याचं उभं राहावं, म्हणून ते दोनदा करायचं असतं.

१०.१५.
नो-लोडवर सेट सुरू. व्होल्टेज ४१५, फ्रिक्वेन्सी ५०. फेज सिक्वेन्स तपासला, कारण दोन फेज उलटे लागले तर मोटरी उलट्या फिरतात. ग्राइंडरच्या लाइनला करंटची गळती झाली की लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली. ओल्या हातांसाठी हे यंत्र फार मोलाचं आहे. मग कॉम्प्रेसर, मग दिवे, शेवटी सीएनसी. टाँग टेस्टरने तिन्ही फेज पाहिले, भार समान होता.

दुपारी १.
डिझेल भरायचं म्हणून सेट बंद केला आणि पंधरा मिनिटं थांबलो. तापलेल्या सायलेन्सरशेजारी कॅन उघडायचा नाही.

तेवढ्यात बाजूच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यातून फटफट आवाज आला. अर्ध्या शटरखाली छोटा पेट्रोल जनरेटर आणि त्याची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग टॉप. माझ्या पोटात गोळा आला. मी धावत जाऊन जनरेटर आधी बंद केला, मग बोललो.

काका रागावले. “एवढासा जनरेटर, तो काय गावाला वीज देणार?”

“काका, लाइन अख्खी जोडलेली असेल तर तो गावाच्या लोडने गुदमरून बंद पडेल. पण आज लाइन इथेच तोडलीय. पुढे लोडच नाही. तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे डीपीवर जातात, आणि जो ट्रान्सफॉर्मर ११ हजारांचे २३० करतो, तोच २३० चे ११ हजार करतो. खांबावर बघा कोण आहे.”

काकांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. लाइनमन क्रॉसआर्मवर बसून जंप बांधत होता. काका काही बोलले नाहीत. आत गेले आणि पक्कड घेऊन आले. एका टोकाचा प्लग टॉप त्यांनी स्वतःच कापला. जनरेटर आम्ही दोघांनी उचलून बाहेर, वारा धूर गाळ्यापासून लांब नेईल अशा बाजूला, शेजारच्या उघड्या पत्र्याखाली नेला. ग्राइंडर आणि एक दिवा एक्स्टेंशन बोर्डावरून थेट त्याला जोडून दिले, भिंतीला काही नाही. काकांनी चेंजओव्हरचा खर्च विचारला, मी रविवारी येतो म्हणालो. पैसे नंतर द्या म्हटलं.

५.२०.
लाइनमन दुचाकीवरून दारात थांबला. “दोघंही खाली आलोय. लाइन सोडली.”

सीएनसीचा चालू जॉब पूर्ण होऊ दिला. मग एकेक लोड काढला, सेट पाच मिनिटं रिकामा चालवून बंद केला. फ्यूज परत बसवले. माझ्याबरोबरचा पोरगा तोवर चेंजओव्हरपाशी जाऊन उभा होता. खिशातली किल्ली काढून मी त्याच्या हातावर ठेवली.