चेंडू कोणाच्या पायात द्यावा?

२०१९ साली इगोर श्टिमाच यांच्याकडे राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद आले, तेव्हापासून गोमंतकातील क्रीडारसिकांमध्ये एक वाद सतत रंगत आला आहे. मधल्या फळीत राहून आक्रमणाची सूत्रे हलविणारा, आघाडीच्या खेळाडूस नेमक्या क्षणी चेंडू पुरविणारा खेळाडू कोण असावा? आपला ब्रँडन फर्नांडिस, केरळचा सहल अब्दुल समद, की डेहराडूनचा अनिरुद्ध थापा? ब्रँडन गोव्याचा म्हणून आमचे माप त्याच्या बाजूस झुकणे स्वाभाविक आहे. परंतु न्यायनिवाडा करावयाचा तर तराजू सरळच धरला पाहिजे.

ब्रँडनचे सामर्थ्य त्याच्या नजरेत आहे. ५ सप्टेंबर २०१९ रोजी गुवाहाटीत ओमानविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना होता. फ्री किक मिळताच सारेजण उंच चेंडूची वाट पाहत असता त्याने तो जमिनीलगत सुनील छेत्रीकडे सरकविला आणि छेत्रीने गोल केला. पुढे भारताने तो सामना १-२ असा गमावला, पण ती युक्ती रसिकांच्या स्मरणात राहिली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध अखेरच्या मिनिटांत त्याच्या कॉर्नर किकवर आदिल खानने डोक्याने गोल केला व पराभव टळला. दोघेही गोमंतकीय, याचा अभिमान आम्हांस आहेच. तथापि दुखापतींनी ब्रँडनची वाटचाल वारंवार खंडित केली, हेही नाकारता येत नाही.

सहलचे सामर्थ्य वेगळे. प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून चेंडू पायाशी खेळवीत तो वाट काढतो. २०२१ च्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माले येथे नेपाळविरुद्ध त्याने अगदी अखेरीस असाच गोल केला. ११ जून २०२२ रोजी कोलकात्यात अफगाणिस्तानविरुद्ध बरोबरी झालेली असता बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने भरपाईच्या वेळेत विजयाचा गोल नोंदविला. मात्र अंगच्या गुणांच्या मानाने त्याच्या नावावरील गोल तुटपुंजेच राहिले. थापा या दोघांहून अधिक धावणारा, बचाव व आक्रमण दोहोंचे ओझे वाहणारा. जानेवारी २०१९ मध्ये आशिया चषकात थायलंडवरील ४-१ या विजयात त्याचाही एक गोल होता. परंतु तो श्रमांचा धनी आहे, कल्पकता हा त्याचा मुख्य गुण नव्हे.

आमचे मत विचाराल तर प्रारंभी ब्रँडन, प्रतिस्पर्धी थकल्यावर सहल, आणि बलाढ्य संघाविरुद्ध थापा, हीच वाटणी उचित होती. पण हा वाद येथेच संपविणे म्हणजे झाडाची पाने मोजीत बसून मुळांकडे दुर्लक्ष करण्यासारखे आहे.

ब्रँडनला कुमारवयात घडविले ते दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या अकादमीने. सहल अल ऐन येथे जन्मला आणि अबुधाबीच्या अकादमीत खेळू लागला. ज्या दोघांच्या कल्पकतेवर आम्ही वाद घालतो, त्या दोघांच्याही पायांना वळण लागले ते परदेशातील मैदानांवर! आणि ते येथे परतल्यावर काय झाले? २०१९-२० च्या मोसमात एफसी गोवाच्या आक्रमणाची सूत्रे ह्युगो बुमूसकडे होती. केरळ ब्लास्टर्समध्ये २०२१ साली एड्रियन लुना आला आणि सहलला बगलेस सरकावे लागले. विजय हवा म्हणून क्लब परदेशी खेळाडूस ती जागा देतात. त्यांचा व्यवहार आम्हांस समजतो. पण त्याची किंमत राष्ट्रीय संघ मोजतो. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथील आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया यांच्याविरुद्धच्या तिन्ही सामन्यांत भारतास एकही गोल करता आला नाही.

असा खेळाडू राष्ट्रीय शिबिरात घडत नाही. तो दहा-बारा वर्षांच्या वयात, गावच्या मैदानावर घडतो. काणकोणचा मुलगा असो वा तेलंगणाच्या सीमेवरील, आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगुचा, चेंडू क्षणभर पायाशी रोखून तो वर पाहू लागला की बाहेरून आरोळी येते, "मार पुढे!" त्या आरोळीने किती ब्रँडन उमलण्यापूर्वीच खुडले गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. प्रशिक्षकांनी त्या मुलास क्षणभर थांबू द्यावे, चुकू द्यावे. आणि क्लबांनी निदान आपल्या कुमार व राखीव संघांत तरी ही जागा देशी मुलांसाठी राखावी. असे झाले तरच पुढच्या पिढीस तिघांतून एक निवडण्याऐवजी दहांतून एक निवडण्याचे भाग्य लाभेल.