कोपऱ्यातली सही

पुणेरी पाट्यांची पुस्तकं निघाली, प्रदर्शनं झाली, मोबाइलवर तर त्या रोज फिरतात. ‘येथे वाहने लावू नयेत’ या साध्या सूचनेला कुणी किती तिरकस वळण दिलं यावर आपण हसतो, मजकूर लिहून देणारा कोण असेल याचे तर्क लढवतो. ती पाटी रंगवली कुणी, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मजकूर जपला गेला, हात विसरला गेला. गावोगावच्या बाजारपेठांत दुकानांच्या पाट्या, शटरं आणि भिंती रंगवणाऱ्या पेंटरांच्या बाबतीत हेच झालं आहे. म्हणून आता कुणी कॅमेरा घेऊन हे काम नोंदवायला निघालं, तर त्याने आधी नोंद कशाची करायची हे ठरवलेलं बरं.

तालुक्याच्या गावी पेंटरला आडनाव नसायचं. नावापुढे ‘पेंटर’ लागलं की झालं. याला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. १८९० साली सुतारकामाच्या घरात जन्मलेला हा माणूस आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होता. पुढे त्यांनी कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, ‘सैरंध्री’ आणि ‘सिंहगड’ केले. पण लोकांनी त्यांना आडनाव दिलं ते ब्रशावरून. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या सिनेमाचं पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत गणलं जातं. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेनही मुंबईत आले तेव्हा सिनेमाची होर्डिंगं रंगवूनच पोट भरत होते. या दोघांचा इतिहास झाला, कारण दोघांनी दुसरं काही तरी केलं. जे आयुष्यभर पाट्याच रंगवत राहिले, त्यांचा इतिहास पत्र्यावरच राहिला आणि पत्र्याबरोबर भंगारात गेला.

आणि काम तरी किती तऱ्हेचं! किराणा दुकानाची पाटी, दवाखान्याचा फलक, पतसंस्थेची भिंत, शाळेतले सुविचार, तालमीतला मारुती, बँडवाल्यांची गाडी, टेम्पोच्या मागची अक्षरं, नंबरप्लेटा, निवडणुकीच्या भिंती, खानावळीतलं डोंगर-नदी-हंसाचं चित्र, रसवंतीच्या फळीवरचे कानिफनाथ. एकाच आठवड्यात हनुमानही काढायचा आणि ‘उधार मागू नये’ही लिहायचं. कला शाळेत शिकलेले थोडे. बाकीचे दहा-बारा वर्षांचे असताना एखाद्या पेंटरच्या हाताखाली डबे धुवायला लागलेले. दोन-तीन वर्षं पत्रा घासला की मग ब्रश हातात मिळायचा, तोही भरणीचा. अक्षराची कड उस्तादाचीच.

पाटी लिहायला दोन तास लागतात, तयार व्हायला चार-पाच दिवस. लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा आधी घासून घ्यायचा, त्यावर रेड ऑक्साइड मारायचा म्हणजे गंज धरत नाही. खळगे लांबीने भरायचे, वाळली की पाणी लावून पॉलिशपेपरने घासायचं. मग ऑइलपेंटचे दोन हात, मध्ये एकेक दिवस सुकायला. पावसाळ्यात हा हिशेब दुपटीवर जातो. दिवाळीच्या तोंडावर सगळ्या बाजारपेठेला एकाच वेळी पाटी हवी असते आणि पेंटर सगळ्यांना ‘उद्या’ सांगतो, त्यामागे बनवाबनवीपेक्षा न सुकलेला रंग जास्त असतो.

मग आखणी. दोरीला खडूची पूड लावून दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची. सरळ रेघ उमटते. रोमन मोठ्या अक्षरांना दोन रेघा पुरतात, देवनागरीला चार लागतात. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफाराला जागा हवी, अक्षराच्या खाली उकाराला. ‘कमल वस्त्र भांडार’ लिहायला सोपं. ‘श्री गुरुमूर्ती ज्वेलर्स’ आलं की वरही गर्दी आणि खालीही. म्हणून जाणता पेंटर आधी सगळा मजकूर वाचतो आणि सर्वांत उंच चढणारं व सर्वांत खाली उतरणारं चिन्ह हेरतो. अक्षराची उंची त्यावरून ठरते. मजकुराचा मध्य काढून तिथून दोन्ही बाजूंना अक्षरं मोजत जातो. नवशिका डावीकडून सुरू करतो आणि शेवटच्या ‘भांडार’ची तीन अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. मला त्या चांगल्या पाट्यांइतक्याच नोंदवाव्याशा वाटतात, कारण शिकाऊ हात तिथे उघडा पडतो.

लिहिताना डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा. तो पाटीच्या कडेला टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही आणि थरथरही थांबते. उभ्या दांड्यांना चपटा ब्रश, गोलाईला बारीक गोल ब्रश. जुने पेंटर मुंगसाच्या केसांच्या ब्रशाची आठवण काढतात. वन्यजीव कायद्याने त्या केसांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. रंग पातळ झाला तर ओघळतो, घट्ट राहिला तर ब्रश ओढला जातो आणि कडेला दात पडतात. चूक झाली तर ओली असेपर्यंत रॉकेलच्या फडक्याने पुसायची. शिरोरेषेबद्दल पेंटरांत दोन पंथ आहेत. एक पंथ ती आधी मारतो आणि अक्षरं तिला टांगतो. दुसरा अक्षरं पुरी करतो आणि शेवटी रेघ ओढतो. दुसऱ्या पंथाच्या पाटीवर ब्रश पुन्हा रंगात बुडवल्याचा सांधा जवळून पाहिला तर दिसतो. शेड मात्र बहुतेकांची एकाच बाजूला: उजेड वरून डावीकडून येतो असं धरायचं आणि सावली उजवीकडे खाली टाकायची. वर पांढऱ्याची बारीक चमक मारली की अक्षर पत्र्यातून वर आल्यासारखं दिसतं.

सगळं झालं की उजव्या कोपऱ्यात, बोटभर उंचीत, पेंटरची सही. कधी नुसतं नाव, कधी नावाखाली गाव, कधी फोन नंबर. ही त्याची जाहिरात. पुढचं गिऱ्हाईक तिथूनच यायचं. नोंद ठेवणाऱ्यासाठी बाजारपेठेतला हा एकमेव दस्तऐवज आहे. दहा दुकानांवर एकच सही सापडली की त्या हाताचं वळण ओळखू येतं. मग सही नसलेली अकरावी पाटीही त्याचीच, हे त्याच्या ‘क’च्या पोटावरून किंवा ‘र’च्या पायावरून सांगता येतं.

पाटीवर साल सहसा नसतं, पण ते काढता येतं. मुंबईतले फोन नंबर २००२ साली सातचे आठ आकडी झाले, तेव्हा सात आकडी नंबर असलेली मुंबईची पाटी त्याआधीची. आकडा नंतर पुढे चिकटवलेला असेल तर तोही दिसतो, कारण त्याचा रंग वेगळा पडलेला असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर पाटी १९७२ नंतरची. जीएसटी क्रमांक असेल तर २०१७ नंतरची. ‘जि. उस्मानाबाद’ असेल तर बहुधा २०२३ च्या नामांतराआधीची. ‘एसटीडी आयएसडी पीसीओ’ असं पिवळ्यावर लिहिलेलं सापडलं, तर ते ज्या काळातलं आहे तो काळ आपल्यापैकी अनेकांनी रांगेत उभं राहून काढला आहे. त्या झगझगीत पिवळ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रोम यलो हा रंग शिशाच्या संयुगाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर भारतात ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. पेंटर लोक त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या हाताने हे रंग कालवत होते, हेही त्या कामाच्या नोंदीत आलं पाहिजे. जुन्या पाट्यांचं कौतुक करताना आपण हे सोयीने गाळतो.

नोंद झाली की काय होतं, याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. कमल शेडगे अक्षरंच काढत होते. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’च्या जाहिरातीपासून मराठी नाटकांच्या नावांना त्यांनी चेहरे दिले, आणि २०२० साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी लेख छापले. त्यांची प्रतिभा मोठी होतीच. पण त्यांचं काम वर्तमानपत्रात छापलं जात होतं, त्याच्या फायली राहिल्या, आणि त्यांनी स्वतः ‘माझी अक्षरगाथा’सारखी पुस्तकं काढून ते मांडून ठेवलं. सांगलीच्या किंवा जालन्याच्या एखाद्या पेंटरपाशी तशी सोय नव्हती. त्याचं काम दुकानदाराच्या मालकीचं. दुकान विकलं की पाटी उतरली. सिनेमाच्या होर्डिंगचं तर आणखी वाईट. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा मारून पुढचं चित्र. मुंबईत ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये शेख रेहमान हे पेंटर असंच काम करत होते. जर्मन दिग्दर्शकांनी त्यांच्यावर ‘ओरिजिनल कॉपी’ नावाचा माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचा हात हलताना आज पाहता येतो.

हनिफ कुरेशी यांनी वेगळी वाट काढली. जाहिरात क्षेत्रातून आलेल्या या कलावंताने दिल्लीत रस्त्यावरच्या पेंटरांकडून पूर्ण अक्षरमाला रंगवून घेतली, तिचे संगणकीय फाँट केले, फाँटला पेंटरचंच नाव दिलं आणि विक्रीतला वाटा त्याला ठेवला. ‘हँडपेंटेड टाइप’ हा तो प्रकल्प. पुढे ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेतर्फे त्यांनी शहरांच्या भिंती रंगवल्या. २०२४ साली ते गेले. या कामाबद्दल मला आदर आहे, पण एक मतभेदही आहे. फाँटमध्ये एकच ‘क’ हजार वेळा येतो. पेंटर ‘क’च्या पुढे कोण बसलंय ते बघून त्याचं पोट आत घेतो. फाँटने अक्षराचं रूप वाचतं. जागा बघून ते बदलण्याची अक्कल वाचत नाही. ती वाचवायची तर पाटी जिथे आहे तिथे, दुकानासकट, शेजारच्या पाटीसकट टिपली पाहिजे.

फ्लेक्स आलं आणि पेंटर बसला, असं सरसकट म्हटलं जातं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तासाभरात, फोटोसकट, कमी पैशात पाटी मिळते. दोन उन्हाळ्यांत ती फिकी पडली तर दुसरी मिळते. पण फ्लेक्स एकट्याने आलं नाही. नंबरप्लेटचं काम एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा प्लेट लागायला लागल्यावर गेलं. ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन खात्याने बंद केलं. उलट, मार्च २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठीत पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असंही ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि राज्यभर पाट्या बदलल्या. मराठी अक्षर रंगवणाऱ्यांसाठी याहून चांगली वेळ आली नसती. पण ते काम बहुतांशी फ्लेक्स, अॅक्रिलिक आणि एलईडीवाल्यांकडे गेलं.

आणि त्या नव्या पाट्यांत एक गोष्ट चोरपावलांनी आली. मराठी वळणाच्या ‘ल’ला दोन पाकळ्या असतात, उजवीकडे उभा दंड नसतो, हिंदी वळणाच्या ‘ल’ला असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ निश्चितही केले. पण संगणकावर सहज मिळणारे बरेच फाँट हिंदी वळणाचे, आणि फ्लेक्सवाल्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं. तेव्हा मराठीच्या सक्तीखातर लागलेल्या पाटीवर ‘ल’ हिंदी वळणाचा, आणि बाजूच्या गल्लीत चाळीस वर्षांपूर्वीच्या गंजक्या पत्र्यावर तो अस्सल मराठी. पेंटरला कुणी शासन निर्णय वाचून दाखवला नव्हता. शाळेत पाटीवर जो गिरवला तोच त्याने पत्र्यावर लिहिला.

तेव्हा नोंद करायची तर अशी. फोटो समोरून, सरळ; तिरपा नको. पूर्ण दुकान एकदा, पाटी एकदा, कोपरा जवळून एकदा. मोजमापासाठी पाटीजवळ माणूस उभा करा. सोललेल्या रंगाखाली जुना रंग दिसत असेल तर तो वेगळा टिपा. एकाच पत्र्यावर दोन-दोन दुकानांची नावं निघतात. दुकानदाराला साल विचारा, पेंटरचं नाव विचारा. मालक बदललेला असेल तर शेजारच्या न्हाव्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. पेंटर हयात असेल तर त्याला पाटीपाशी घेऊन जा आणि शिरोरेषा आधी मारली की नंतर, एवढं तरी विचारून घ्या. नाव छापण्याआधी त्याची परवानगी घ्या. हे काम विद्यापीठाची वाट बघत थांबवण्यासारखं नाही; कला महाविद्यालयातल्या मुलांना एका सुट्टीत एक बाजारपेठ वाटून दिली तरी पुरे. पाटी काढून भंगारात द्यायची वेळ दुकानदारावर येतेच, पण पुढच्या वेळी ती उतरवताना त्याने आधी कोपरा पुसून तिथलं नाव एका वहीत उतरवून घ्यावं, एवढीच विनंती.