चार मिनिटं, एकही संवाद नाही

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड माझ्या एका फसलेल्या फिल्मपासून सुरू करतो.

आजी गेली त्या वर्षी मी मोबाईलवर तिच्यावर तीन मिनिटांची फिल्म केली. जुने फोटो, मागे बासरी आणि वरून माझा आवाज: आजी फार प्रेमळ होती, तिने खूप सोसलं. घरी टीव्हीवर लावून सगळ्यांना दाखवली. संपल्यावर आई म्हणाली, "छान झालीय रे. पण यात आई कुठे दिसल्या?" (सासूबाईंना ती आईच म्हणायची.) मला रागच आला. तीन मिनिटं आजीबद्दलच तर बोलत होतो!

तिचं म्हणणं कळलं ते पिक्सारचा 'अप' पुन्हा बघताना. २००९चा सिनेमा, दिग्दर्शक पीट डॉक्टर. सुरुवातीलाच कार्ल आणि एलीचा अख्खा संसार साधारण चार मिनिटांत उलगडतो. कोणी एक शब्द बोलत नाही. फक्त मायकल जिआकिनोचं संगीत. त्याला ऑस्कर मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं.

आता गंमत बघा. दोघांना एका दूरच्या धबधब्यापाशी जायचंय, म्हणून ते बरणीत चिल्लर टाकतात. मग गाडीचा टायर फुटतो, बरणी फुटते. कार्लचा पाय मोडतो, बरणी फुटते. छपरावर झाड पडतं, पुन्हा बरणी. 'पैसे कधी साठलेच नाहीत' असं सांगायला कोणी येत नाही. आपल्या घरातही अशी एक बरणी असते, नाही का?

पुढे एली रोज कार्लचा टाय बांधते. टाय बदलत जातात, एकामागून एक, आणि वर्षं सरतात. कॅलेंडरची पानं उडवायची गरजच पडत नाही.

मला सगळ्यात भारी वाटते ती टेकडी. तरुणपणी एली पुढे पळते, कार्ल धापा टाकत मागे. म्हातारपणी कार्ल पुढे असतो, टोपलीत प्रवासाची तिकिटं, आणि मागे एली चढता चढता पडते. तीच टेकडी, फक्त जागा बदलल्या. पहिली चढण दाखवली नसती, तर दुसरी इतकी लागली नसती. लिहिणाऱ्यांनी आधी पेरलं आणि मग कापलं.

चित्रातही तेच. कार्ल चौकोनी: चौकोनी चेहरा, चौकोनी चष्मा, खुर्चीसुद्धा चौकोनी. एलीची खुर्ची गोलसर. ती गेल्यावर त्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी दिसतात, एक रिकामी. बास. तिथे व्हॉइसओव्हर घातला असता तर सगळं मातीमोल झालं असतं. (हो, पॉडकास्टवाला म्हणतोय हे. हसा.)

म्हणजे माझी चूक कुठे झाली? 'प्रेमळ' हा मी काढलेला निष्कर्ष होता. बघणाऱ्याला निष्कर्ष काढायला मी काही ठेवलंच नव्हतं.

मग जुना फोन शोधला. त्यात अकरा सेकंदांची एक क्लिप होती, 'यात काही घडतच नाही' म्हणून मी वगळलेली. आजी अडकित्त्याने सुपारी कातरतेय. अगदी बारीक, कारण आजोबांचे दात गेले होते. स्वतः ती सुपारी खायची नाही.

बासरी काढली, माझा आवाज काढला. क्लिप पूर्ण ठेवली, अडकित्त्याच्या आवाजासकट. त्यानंतर फक्त फडताळातला तो अडकित्ता, आज आहे तसा, थोडा गंजलेला.

आईला पुन्हा दाखवली. ती काही बोलली नाही. उठून फडताळापाशी गेली आणि अडकित्ता पुसायला घेतला.