नोंद नसलेला ऊस आणि ऑर्डर नसलेलं सीएनसी मशीन



उसाची लागण झाली की तुम्ही पहिलं काम काय करता? कारखान्याच्या गट कार्यालयात जाऊन नोंद करता. नोंद नसेल तर तोड कधी मिळेल याचा भरवसा नसतो, आणि शेतात वाळत चाललेल्या उसाचं वजन कसं घटतं हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. मात्र हाच शेतकरी पोरासाठी पंचवीस-तीस लाखांचं सीएनसी मशीन घेतो, तेव्हा त्या मशीनवर कोणाचं काम चालणार याची नोंद आधी करत नाही. गावोगावच्या बैठकांत अलीकडे खत-बियाण्यांच्या प्रश्नांबरोबर हमखास एक प्रश्न येतो : "साहेब, पोरगं आयटीआय झालंय. एकरभर विकून नाहीतर तारण देऊन सीएनसी टाकून द्यावं म्हणतोय. काय करू?" प्रश्न लोखंडाचा असला तरी पैसा शेतीचा आहे आणि बोजा सातबारावर चढणार आहे. म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सीएनसी म्हणजे काय?

साध्या लेथवर कारागीर हाताने चाक फिरवून लोखंड कापतो. माप त्याच्या हातात आणि नजरेत असतं. सीएनसी मशीनमध्ये हे काम संगणक करतो. कुठून कुठपर्यंत, किती वेगाने आणि किती खोल कापायचं, याचा प्रोग्रॅम एकदा भरला की पहिला नग आणि हजारावा नग एकाच मापाचा निघतो. माप मोजतात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून किती बारीक काम आहे ते समजेल. गोल फिरणाऱ्या भागांसाठी सीएनसी लेथ लागतो, तर सपाट पृष्ठभाग, खाचा आणि भोकं यांसाठी व्हीएमसी नावाचं उभं मशीन लागतं. या तंत्राचा पहिला नमुना १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत दाखवला गेला. आज ट्रॅक्टरच्या गिअरपासून पंपाच्या बॉडीपर्यंत बहुतेक भाग अशाच मशीनवर तयार होतात.

आपल्या भागात मागणी का वाढली?

लोखंडाचं काम आपल्या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिनं आणि उसाचे चरक तयार होऊ लागले. त्यातून फाउंड्र्या वाढल्या, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या.

फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग हे कच्च्या मालासारखं असतं. पूर्वी बरंच कास्टिंग तसंच बाहेर जायचं आणि मशिनिंग दुसरीकडे व्हायचं. आता वाहन व ट्रॅक्टर कंपन्यांना भाग थेट बसवता येईल असा तयार लागतो. फाउंड्रीवाल्यांनी स्वतःची मशिनं घेतली आणि उरलेलं काम बाहेर जॉबवर्कला दिलं. तयार मालाला भाव जास्त मिळतो हे गुळाच्या आणि उसाच्या भावातला फरक जाणणाऱ्याला लगेच कळेल. या जॉबवर्कच्या आशेवरच हातकणंगले, करवीर, शिरोळ भागातल्या कित्येक गावांत घरामागच्या शेडमध्ये सीएनसी मशिनं उभी राहिली.

मशिनं येतात कुठून? बेंगळुरू, राजकोट, कोईमतूर आणि पुणे ही देशातली मुख्य ठिकाणं. राजकोटची गोष्ट आपल्यासारखीच आहे. शेताला पाणी देणाऱ्या डिझेल इंजिनांतून तिथला कारागीर तयार झाला, पुढे लेथकडे आणि मग सीएनसीकडे वळला. मात्र मशीन देशी असलं तरी त्याचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, बहुतेक वेळा जपानच्या फॅनुक किंवा जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचा असतो. त्याचं कार्ड जळालं तर खर्च मोठा येतो आणि मशीन बंद राहतं ते वेगळंच.

मशीन बनवणाऱ्याची चलती, घेणाऱ्याची?

जानेवारी २०२४ मध्ये राजकोटच्या ज्योती सीएनसी या कंपनीने शेअर विकून बाजारातून १,००० कोटी रुपये उभे केले. असं काही छापून आलं की दलाल ते कात्रण घेऊन गावात येतो आणि म्हणतो, "बघा, या धंद्यात किती पैसा येतोय." इथे थोडं थांबा. पैसा आला तो मशीन बनवणाऱ्याकडे. बियाणे कंपनीचा शेअर चढला म्हणून आपलं सोयाबीन चढ्या भावाने जातं का? मशीनचा खप वाढतो तेव्हा त्याच कामासाठी जॉबवर्क करणारेही वाढतात. एकाच फाउंड्रीच्या दारात दहा मशीनवाले उभे राहिले की तासाचा दर पडतो. टोमॅटोचं जे होतं तेच इथे होतं.

मागणीचा कलही बदलतो आहे. त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, वाहनधंद्याची चढ-उतार. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली आणि लागोपाठ २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या काळात अनेक शेडमधली मशिनं बंद होती, पण बँकेचे हप्ते चालू होते.

दुसरी, विजेवरच्या गाड्या. विजेच्या स्कूटरला इंजिनच नसतं. म्हणजे पिस्टन, क्रँक, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह हे भाग लागत नाहीत. फक्त दुचाकीच्या इंजिनाच्या भागांवर अवलंबून राहणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांचा विचार करावा. ब्रेक, सस्पेन्शन, मोटरची बॉडी हे भाग मात्र तिथेही लागतात.

तिसरी, ट्रॅक्टर आणि पंप. देशात २०२४-२५ पर्यंतच्या काही वर्षांत नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा या मागणीला आधार आहे. पण ट्रॅक्टरची विक्री पावसावर चालते. म्हणजे शेतीत पाऊस दगा देईल त्याच वर्षी मशीनवरचं कामही कमी होईल. दोन्ही उत्पन्नं एकाच ढगाकडे बघत बसतील, हे विसरू नका.

चौथी, नवी क्षेत्रं. विमान, संरक्षण, वैद्यकीय साहित्य आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या भागांची कामं देशात वाढत आहेत. बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे भाग तयार होतात, ते आपल्यापासून लांब नाही. पण या कामाला महागडी मशिनं, काटेकोर तपासणी आणि प्रमाणपत्रं लागतात. पहिलंच मशीन घेणाऱ्याला हे काम लगेच मिळेल असं धरून चालू नये. निर्यातीचं काम करणाऱ्यांनाही २०२५ मध्ये अमेरिकेने वाहनांच्या सुट्या भागांवर जादा शुल्क लावल्यावर धक्का बसला होता.

वहीत मांडायचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला. मशीन, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, टूल आणि मोजमापाची साधनं मिळून २५ लाख धरू. पाच लाख स्वतःचे, वीस लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ४३,५०० रुपये. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर ३६,००० रुपये, शेडचं भाडं १०,००० आणि देखभालीसाठी बाजूला ५,०००. हा झाला ९४,५०० रुपयांचा खर्च. मशीन चालो वा बंद राहो, तो होणारच, कारण शिकलेला ऑपरेटर काम नाही म्हणून घरी पाठवला तर परत येत नाही. मशीन पूर्ण चाललं तर वीज २०,००० आणि इन्सर्ट, कूलंट वगैरे १५,००० रुपये वेगळे.

आठ तासांच्या दोन पाळ्या आणि महिन्याचे २५ दिवस म्हणजे ४०० तास. तासाला ४०० रुपये दर धरला तर पूर्ण कामावर १,६०,००० रुपये येतात आणि हाती ३०,५०० रुपये उरतात. पण सेटिंग, बिघाड, वीज जाणं, माल न येणं यात काम २६० तासच झालं तर? आवक १,०४,००० रुपये. वीज आणि टूलचा खर्च त्या प्रमाणात कमी धरला तरी महिन्याला १३,२५० रुपये खिशातून घालावे लागतात. या हिशेबात ४०० पैकी साधारण ३०० तास मशीन चाललं तरच तोंडमिळवणी होते. शिवाय रिजेक्शन झालं तर काही ठिकाणी कास्टिंगचे पैसेही कापून घेतात, तेही विचारून ठेवा.

दुसरी अडचण पैसे मिळण्याची. काम आज केलं तरी बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं असा अनुभव बरेच जण सांगतात. हप्ता सोडून इतर खर्च महिन्याला ८६,००० रुपये धरले, तर तीन महिन्यांचे सुमारे अडीच लाख रुपये आधीच हाताशी हवेत. मशीनची किंमत सगळे विचारतात, या अडीच लाखांचं कोणी विचारत नाही. तिथेच उसाचं बिल मशीनमध्ये जायला सुरुवात होते.

दोन घरं

फिरताना पाहिलेली दोन घरं सांगतो. एका घरात २०१८ मध्ये जमीन तारण ठेवून एकदम दोन मशिनं घेतली. काम एकाच कारखान्याचं, तेही तोंडी शब्दावर. पुढच्याच वर्षी काम निम्म्यावर आलं. एक मशीन पडत्या किमतीला विकलं, आणि तारणातली जमीन सोडवायला त्या कुटुंबाला कित्येक गाळपांची बिलं घालावी लागली. बाप मला म्हणाला, "मशीन वाईट न्हवतं ओ, आम्हीच घाई केली."

दुसऱ्या घरातल्या पोराने चार वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं. प्रोग्रॅम, सेटिंग, मोजमाप सगळं शिकला. तिथल्याच ओळखीवर दोन फाउंड्र्यांकडून कामाचं लेखी पत्र घेतलं आणि मगच एक जुनं मशीन, जाणकाराकडून तपासून, घेतलं. आज ते घर श्रीमंत नाही, पण हप्ता चुकलेला नाही आणि सातबारा कोरा आहे.

कर्ज, वीज आणि कागदपत्रं

जमीन तारण देण्याआधी बँकेत सीजीटीएमएसई हमी योजनेची चौकशी करा. लहान उद्योगांना विनातारण कर्ज मिळावं म्हणून बँकेला ही हमी मिळते. तिची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये झाली आहे. हमी बँकेला असते, तुमचं कर्ज माफ होत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे सध्याचे निकष विचारा. अर्ज मशीन घेण्याआधी करायचा असतो, मागाहून नाही.

उद्यम नोंदणी पहिल्या दिवशीच करा. ती मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. काम तुटेल या भीतीने तक्रार कोणी करत नाही, हे खरं. पण मुदत पत्रात लिहून घेतली तर निदान मागायला तोंड राहतं.

शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवू नका. तो वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि मोठं बिल अंगावर येतं. शिवाय शेतीच्या फिडरला तीन फेज वीज ठरावीक तासच असते. दोन पाळ्या कशा चालणार? औद्योगिक जोडणीला किती दिवस आणि किती खर्च लागेल, हे महावितरणकडून आधी लेखी घ्या.

गावच्या सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. शेडच्या परवानगीसाठी कोणी आला तर जागेचा वापर, रस्ता आणि विजेची जोडणी यांची माहिती त्याला सुरुवातीलाच द्यावी. मशीन येऊन पडल्यावर दाखल्यासाठी सहा महिने गेले तरी हप्ता थांबत नाही. वर्षातून एकदा ग्रामसभेत बँक आणि जिल्हा उद्योग केंद्राची माणसं बोलवावीत.

पोरांनी मशीनकडे वळू नये असं माझं म्हणणं नाही. तीन भावांत वाटलेल्या दीड एकरावर सगळ्यांचं भागणार नाही, हे आम्हा शेतीखात्याच्या माणसांनाच जास्त दिसतं. म्हणून शेवटी एवढंच : पोराला आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर हात बसवू द्या. निदान दोन वेगळ्या गिऱ्हाईकांचं लेखी काम हातात घ्या. महिन्याचे तीनशे तास भरतील का, ते वहीत मांडा. हे तिन्ही जमलं तर मशीन जरूर घ्या. त्यातलं एकही जमत नसेल तर यंदा थांबा. मशीन पुढच्या वर्षीही विकत मिळेल, विकलेली जमीन परत मिळणार नाही.